एका नावेत न बसता केलेला सायकलप्रवास

निघताना माझ्या थोरल्या बहिणीनं मला दोन कामं सांगितली. एक, फ्रान्समध्ये राहिलेल्या तिच्या मुलाला घरी घेऊन यायचं. दुसरं, येताना त्याच्याबरोबर एका नावेत बसायचं नाही. फ्रान्स आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये समुद्र आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. आक्का म्हणाली, "समुद्र मले माहीत आहे नाना. म्हणूनच सांगून ऱ्हायली."

मामा आणि भाच्यानं एका नावेत बसू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तापीला पाणी असलं आणि पलीकडे जैनाबादला जायचं असलं, की आधी मामा जातो, नाव परत येते, मग भाचा जातो. का, म्हणून विचारलं तर नाव बुडते असं सांगतात. बुडालेली नाव अजून कुणी दाखवलेली नाही. पण सगळे नियम पाळतात म्हणूनच ती बुडत नाही, असं उत्तर तयार असतं. आगबोट ही नाव धरायची का, असं मी गुरुजींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, पाण्यावर चालते ना? मग झालं.

तेव्हा असं ठरलं की आक्काच्या मुलाला, विनायकला, मार्सेल्स बंदरात आधीच्या बोटीवर मी स्वतः चढवायचं, आणि मग मागच्या बोटीनं आपण यायचं. फ्रान्सला जाऊन आल्यापासून लोक मला तिथल्या मोठ्या शहरांबद्दल, नाटकांबद्दल आणि बायकांबद्दल विचारतात. यातलं मी फारसं काही पाहिलं नाही. मी पाहिले ते मुख्यतः चढ. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचा धंदा कलाबत्तूचा. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार केसासारखी बारीक ओढायची, चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. शालू-पैठण्यांच्या काठापदरात जे चमकतं ते हेच. पुढे फ्रान्सहून यंत्रावर केलेली नकली जरतार बाजारात आली. ती तितकीच चमकू लागली, तेव्हा आमच्या घरात विचार झाला की ते यंत्र शिकायला कुणीतरी गेलं पाहिजे. आक्काचे यजमान तेव्हा हयात नव्हते. कारखाना मी आणि ती मिळून बघत होतो. गेला तो तिचा एकुलता एक विनायक. वर्षभर त्याची लांबलचक पत्रं आली, मग ती आखूड झाली, आणि शेवटी त्यांत नुसती हवा उरली, म्हणजे पाऊस पडतो की नाही एवढंच. गावानं याचा एकच अर्थ लावला. पोरानं मड्डम केली.

आक्कानं माझ्याजवळ त्याच्यासाठी दराबा, ही आमच्या गावची मिठाई, दिला, आणि एक जरीकाठी खणही दिला. खण कशाला, मी विचारलं. "असलीच ती कोणी," आक्का दुसरीकडे बघत म्हणाली, "तर रिकाम्या हातानं नको जाऊ."

सेंतेत्येन

लिऑनच्या ज्या कारखान्यात त्याला ठेवलं होतं तिथं तो नव्हता. तो जवळच्याच सेंतेत्येन नावाच्या गावी सापडला. गाव कोळशानं काळवंडलेलं, आणि गावातल्या दर दुसऱ्या दुकानात सायकली. विनायक अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत, कोपरापर्यंत तेलात माखून बसला होता. मला पाहून उठला, वाकून नमस्कार केला आणि माझे पांढरे मोजे काळे केले.

मी दोन दिवस मड्डम शोधली. त्याच्या खोलीत पाहिलं, खानावळीत पाहिलं, घरमालकिणीकडे जरा संशयानं पाहिलं, पण ती सत्तरीची होती. अखेर सरळच विचारलं. विनायक लाजलासुद्धा नाही. म्हणाला, "मामा, तसं काही नाही. असतं तर सोपं गेलं असतं." आणि त्यानं मला अंगणात नेऊन एक सायकल दाखवली.

तिच्या मागच्या चाकाला दातेरी चकत्या एकीशेजारी एक अशा बसवलेल्या होत्या. एक छोटी दांडी ओढली की चालत्या सायकलीची चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी घेत होती. उडी घेण्याची ती कळ त्यानं स्वतः घडवली होती. ती त्यानं मला बरेच वेळा ओढून दाखवली. प्रत्येक वेळी चेन बरोबर जागी बसली, आणि प्रत्येक वेळी त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"याचा उपयोग काय?" मी म्हणालो.

"चढाले हलकं जाते, मामा."

"आपल्याकडे चढ कुठाय? शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत रस्ता पाटासारखा आहे."

"तेच तर," तो म्हणाला.

त्या रात्रीच्या जेवणावर मी त्याला आईची प्रकृती, कारखान्यातले कारागीर, त्याच्यासाठी सांगून आलेल्या मुली, असं सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "येतो मी. पण मार्सेल्सपर्यंत आगगाडीनं नाही, सायकलीनं. आपल्या गावी गेल्यावर हे परत कधी होणार?" मी म्हणालो, तू जा, मी गाडीनं येतो. म्हणालो खरा, पण लगेच लक्षात आलं की त्याला नजरेआड केलं तर तो कुठल्या घाटात वळेल याचा नेम नाही. आक्कासमोर मला एकट्याला उभं राहायचं नव्हतं. म्हणून वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घाट चढायला कबूल झालो. ट्रंका आगगाडीनं पुढे गेल्या.

पहिला घाट

सेंतेत्येनमधून दक्षिणेला निघालं की शेवटचं घर संपायच्या आधीच घाट लागतो. आमच्याकडे घाट कसा जरा गावापासून लांब, अदबीनं उभा असतो. असीरगडाला मी कितीदा गेलो असेन, पण बैलगाडीत बसून, आणि बैलांनी त्याबद्दल काय वाटलं ते कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मला ते कळलं.

त्यात माझ्या हातून एक चूक झाली. सायकल म्हटल्यावर मी नेहमीसारखं धोतर नेसलो होतो. आमच्याकडच्या सायकलीच्या चेनवर पत्र्याचं झाकण असतं, त्यामुळे धोतर आणि चेन यांची कधी ओळख होत नाही. तिथल्या सायकलीला झाकण नव्हतं. झाकणाचं ओझं होतं म्हणे. पहिल्याच वळणावर चेननं सोगा धरला आणि मी मागं वळून बघेपर्यंत निम्मं धोतर गिळलं. समोरून लाकडांची गाडी घेऊन एक म्हातारा येत होता. त्यानं गाडी थांबवली, टोपी काढली आणि विनायकनं ते धोतर चेनमधून वीतभर वीतभर मोकळं करेपर्यंत अत्यंत आदरानं उभा राहिला. पुढचा प्रवास मी विनायकच्या जुन्या चोळण्यात, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या विजारीत, केला. त्याचं वर्णन मी करणार नाही.

अर्धा घाट मी सायकल हातात धरून चढलो. विनायक मात्र वर जाई, वळण संपलं की परत खाली येई, माझ्याशी दोन शब्द बोले आणि पुन्हा वर जाई. म्हणजे तो घाट त्यानं दोनदा तरी चढला असेल. माथ्यावर झाडं होती, वारा होता आणि एक खानावळ होती. विनायक सायकल झाडाला टेकवून दूर बघत उभा राहिला.

"इथं काय काम आहे आपलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग आता?"

"आता उतरायचं."

आमच्याकडे माणूस घाट चढतो तो पलीकडच्या बाजारात काही विकायला, नाहीतर देवाला. नुसतं उतरण्यासाठी चढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. उतारावर मी ब्रेक इतका घट्ट दाबून धरला होता की खाली पोचल्यावर विनायकला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

घट बसले

पुढे आर्देश नावाचा मुलूख लागतो. सगळे डोंगर, आणि डोंगरांवर चेस्टनटची झाडं. आमच्याकडे वरच्या रानात मोह जसा, तसं तिथं हे झाड. माणसं खातात, डुकरं खातात, वाळवतात, दळतात. दरडीला दगडी बांध घालून एकेक हातरुमालाएवढी शेतं केलेली. आमच्या खकनार-देडतलाईकडचा शेतकरी एवढ्या तुकड्यात बैल वळवायलाही तयार होणार नाही. प्रत्येक गावात चौकात दगडी खांब, त्यावर महायुद्धात मेलेल्यांची नावं. चार घरांचं गाव असलं तरी नावं पुष्कळ असत. विनायक ती उभा राहून वाचत असे. मला लिपी येत होती पण उच्चार येत नव्हता, म्हणून मी नुसती टोपी काढत असे.

घट बसले ते आम्ही तिथं असताना. आमच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस धान्य बंद. खानावळीच्या बाईनं आमच्यासमोर अंडी, पाव आणि डुकराचं काहीतरी ठेवलं. विनायकनं तिला सांगितलं की मामा मांस खात नाहीत. तिनं ते उचललं. अंडीही नाही. तीही उचलली. आणि आजपासून नऊ दिवस पावही नाही. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि काळजीनं विनायकला काहीतरी विचारू लागली.

"काय म्हणते?"

"विचारते, आजार कोणता आहे."

थोड्या वेळानं तिनं उकडलेल्या चेस्टनटांचं पातेलं आणलं. एक सोलून तोंडात टाकला आणि मी थबकलो. साक्षात शिंगाडा. जरा गोड, जरा पिठूळ, पण शिंगाडाच. उपासाला शिंगाडा चालतो. शिंगाड्यासारखं लागणारं चालतं की नाही, हे विचारायला जवळ गुरुजी नव्हते, आणि मला त्याची चुटपुट लागली नाही. नऊ दिवस मी चेस्टनट, सफरचंदं आणि दूध यांवर घाट चढलो. पहिल्या दिवशी विनायक माझ्यासमोर पाव खात होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानंही पाव मागवला नाही. पातेलं मोठं येऊ लागलं.

एका ओढ्याकाठी रेशमाला पीळ घालायचा कारखाना होता. पाण्यावर फिरणारं चाक, आणि आत बायका ओळीनं उभ्या. मालकानं मला धागा हाताळू दिला. त्या धाग्याला इतका सारखा पीळ होता की माझा मत्सर लपेना. "विनू, हा बघ. याच्यावर आपली तार कशी बसेल!" विनायकनं धागा घेतला, छान आहे म्हणाला आणि परत दिला. मग तो पाण्याच्या चाकाखाली वाकून, एका चाकाचे दाते दुसऱ्यात कसे अडकतात ते बघत बसला. कपडे भिजले तरी उठला नाही.

त्याच्याही खाली, डोंगर जरा ठेंगणे झाल्यावर, द्राक्षांचा तोडा चालला होता. ऊन तापलं होतं. मी एका मळ्यात पाणी मागितलं. त्यांनी चंबूसारखं मातीचं भांडं दिलं. मी आपल्या सवयीनं ते वर धरून, ओठ न लावता, धार तोंडात सोडली. तोडणाऱ्या सगळ्या बायामाणसांनी कामं टाकून टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे दारू पिण्याची तीच तऱ्हा आहे, आणि परक्याला ती कधी जमत नाही म्हणे. आमच्याकडे विटाळ नको म्हणून वरून पितात, त्यांच्याकडे भांडं एक आणि माणसं वीस म्हणून. कारणं अशी वेगळी असूनही सदरा दोघांचाही सारखाच भिजतो. मला भांडं आणखी लांब धरून पुन्हा प्यायला लावलं. विनायक बाजूला उभा राहून हसत होता. तो लहानपणी असा हसायचा, हे मी विसरून गेलो होतो.

नदी

आणि मग नदी आली. तिच्या नावाचा उच्चार मला तेव्हा आला नाही आणि आता येत नाही. तिच्यावरचा पूल आदल्या हिवाळ्यातल्या पुरानं नेला होता, आणि तो पुन्हा बांधेपर्यंत एक चपट्या बुडाची होडी दोरावरून इकडून तिकडे ये-जा करत असे. दुसरा पूल होता तो खूप वर, मध्ये एक उंच घाट ओलांडून.

होडीवाला आडदांड आणि बोलका होता. त्यानं दोघांना, सायकलींना, सगळ्यांनाच हातानं बोलावलं. मी म्हणालो, एकेक. त्यानं होडीत पाय आपटून ती किती मजबूत आहे ते दाखवलं. मी पुन्हा म्हणालो, एकेक. मग विनायकला ते त्याच्या भाषेत समजावून सांगावं लागलं, आणि सांगताना त्याचे कान लाल झाले.

होडीवाल्यानं विचार केला. "काका चालतो?"

"चालतो," विनायक म्हणाला.

"आत्या?"

"तिलाही हरकत नाही."

"मग तुमच्या देशात मामानं असं केलंय तरी काय?"

याचं उत्तर विनायकनं माझ्याकडे मागितलं. मी होडीचं बूड तपासू लागलो. पण पंचाईत वेगळीच होती. आधी कुणी जायचं? विनायक आधी गेला तर तो निदान मार्सेल्सच्या बाजूला असेल. मी आधी गेलो तर तो मागं राहील, आणि मागं सेंतेत्येन होतं. शहाण्या माणसानं त्याला आधी पाठवलं असतं. पण होडीच्या बुडाशी पाणी डुचमळत होतं, ती एका अंगाला कलत होती, आणि माझ्या मनात आलं, पोराला आधी कशाला घाला. मोठ्यानं बसून बघावं. मी सायकल घेऊन चढलो.

मी पलीकडे उतरतो न उतरतो तोच वरच्या डोंगरावर गडगडलं. होडीवाल्यानं मान वर केली, वास घेतल्यासारखं केलं आणि होडी ओढून झाडाला बांधून टाकली. मी त्याला हातवारे करून पलीकडे दाखवत होतो, तो मला हातवारे करून नदी दाखवत होता. तासाभरात त्याचं बरोबर ठरलं. तापीचा पूर मी जन्मभर पाहत आलो आहे. ती चढते ती दवंडी पिटून, माणसाला भांडीकुंडी हलवायला वेळ देऊन. ही नदी डोंगरातून भिंतीसारखी आली. जिथं मी उतरलो होतो तो दगड दिसेनासा झाला. पलीकडे विनायक उभा होता, मुठीएवढा. तो ओरडत होता, पण पाण्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. मी छत्री वर केली. त्यानं हात वर केला. अंधार पडेपर्यंत आम्ही एवढंच करत होतो.

होडीवाल्यानं मला घरी नेलं. त्याची बायको, एक ठेंगणी, घाईत असलेली बाई, माझ्यापुढे मांस घेऊन आली. मी हात जोडून नको म्हटलं. सुदैवानं तिच्याकडेही चेस्टनट होते. मला त्यांच्या भाषेतले मोजून चार शब्द येत होते, आणि त्यांतला एकही "माझा भाचा पळून जाईल" हे सांगायच्या उपयोगाचा नव्हता.

सकाळी उजाडताच नदीवर गेलो. पाणी तसंच होतं. पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. पलीकडच्या खानावळीच्या भिंतीला काल त्याची सायकल टेकलेली दिसत होती, तीही नव्हती. मी काठानं वर गेलो, खाली गेलो, छत्री हलवली. होडीवाला माझ्याजवळ येऊन उभा राहिला, रिकाम्या भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू पुढे केली.

मी त्याला दोष दिला नाही. मी स्वतःला दिला, आणि मग नियमाला दिला. मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो, हेही मनात आलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. सगळा वेळ डोळ्यांपुढे आक्का येत होती. ती रागावेल याची मला भीती नव्हती. ती काहीच बोलणार नाही, पोळ्या लाटत राहील, याची होती. होडीवाल्याच्या बायकोनं मला ओसरीवर बसवून पुढ्यात चेस्टनटचा ढीग ओतला आणि हातात चाकू दिला. बसल्या माणसाला काम द्यायचं ही त्या बाईची रीत आमच्या घरातल्यासारखीच होती. मी सोलत बसलो. आक्काला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य दोन शब्दांपलीकडे जात नव्हतं.

दुपार कलली होती. घरामागच्या डोंगराच्या बाजूनं, म्हणजे जिकडून कुणी यायचं कारण नव्हतं तिकडून, सायकलीची घंटी वाजली. विनायक अंगणात आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एक गुडघा फुटलेला, सदऱ्याची एक बाही गेलेली. सायकलीवरून उतरला तर पाय सरळ होईनात. पहाटे निघून तो त्या वरच्या पुलापर्यंत जाऊन, घाट ओलांडून, नदीला सगळा वळसा घालून आला होता.

"मामा," तो म्हणाला, "जेवले का तुम्ही?"

मी त्याला पहिल्यांदा चिखलावरून रागावलो. मग बाहीवरून. डोळ्यांत पाणी आलं ते मी कांद्यावर ढकललं. कांदा तिथं नव्हता. मी त्याला जवळ घेतलं आणि माझाही कोट चिखलात गेला.

"काहून आलास रे एवढ्या लांबून?" मी विचारलं.

"तुम्हाले इकडची बोली येत नाही. आणि नवरात्र चालू. म्हटलं, उपाशी बसले असतील."

मग, गुडघा धुऊन पट्टी बांधल्यावर, तो मला घाटाबद्दल सांगू लागला. वर धुकं कसं होतं, वळणं मोजता मोजता कशी चुकली, शेवटच्या चढाच्या तोंडाशी त्याची ती कळ पावसातसुद्धा कशी बरोबर बसली, वर पोचल्यावर ढगांच्या खाली सगळी दरी कशी उघडी झाली. होडीवाला, त्याची बायको, मी, सगळे सोलायचं थांबलो होतो. त्याला भान नव्हतं. आमच्या कारखान्याविषयी बोलताना त्याचा असा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता, आणि आक्कानंही पाहिला नव्हता. तिला तो चेहरा बघायला मिळावा असं मला फार वाटलं.

निघताना तो खण मी होडीवाल्याच्या बायकोला दिला. मड्डमसाठीच आणला होता, तेव्हा आक्काचा शब्द एका अर्थी पाळला गेला. तिनं तो भिंतीवर ठोकला.

मार्सेल्स

नदीच्या पलीकडचे चढ मला फार लागले नाहीत. लागले असतील, पण माझं लक्ष नव्हतं. मार्सेल्सला पोचलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. बंदरावर एक बाई मोठ्या कढईत हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या तळत होती. परदेशात इतके दिवस काढल्यावर बेसनाचा वास आला आणि मी लोकलाज सोडून उभ्या उभ्या खाऊ लागलो. विनायकचं खाण्याकडे लक्ष नव्हतं. त्याची बोट समोर उभी होती. ट्रंक आली होती. तिकीट त्याच्या खिशात होतं. सायकल मात्र त्यानं अजून हातातून सोडली नव्हती.

मला इथंच राहू द्या, असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. घाटात नाही, नदीवर नाही, तिथंही नाही. तो वाकला, नमस्कार केला आणि सायकल माझ्या हातात दिली. "मागून आणजा मामा. तेल देत जा हिले."

तो शिडीकडे निघाला. मी त्याला पाठमोरा जाताना बघत होतो. पोहून दमलेला माणूस काठाकडे येतो तसा नाही, उलट काठ सोडून पाण्यात निघाल्यासारखा तो चालला होता. मी हाक मारली.

"विनू, परत ये."

तो आला.

"तू नदीवरून पळून जाऊ शकत होतास."

"हाव."

"आलास. म्हणजे तुला आणायचं माझं काम झालं. ही घे तुझी सायकल आणि जा. ती कळ नीट बसव. घरी यावंसं वाटेल तेव्हा ये, आणलं म्हणून नको येऊ."

"आणि आई?"

"आक्काले मी बघतो."

आक्काला मी बघतो, हे मार्सेल्सच्या धक्क्यावर म्हणायला फार सोपं आहे. त्याची बोट आम्ही दोघांनी मिळून जाताना पाहिली. भोंगा वाजला तेव्हा त्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की मला पहिल्या घाटातला ब्रेक आठवला. पुढे माझी बोट निघाली तेव्हा तो धक्क्यावरून तिच्या बरोबरीनं सायकल चालवत होता, धक्का संपेपर्यंत.

बुऱ्हाणपूर

आक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं टांग्याकडे बघितलं. टांगेवाला माझी ट्रंक उतरवत होता. दुसरं कुणी उतरलं नाही.

बोटीवर मी पुष्कळ वाक्यं तयार केली होती. तिथं आल्यावर त्यांतलं एकही आठवेना. मी ओसरीवर बसलो आणि तिला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मड्डम नाही, कळ आहे. कळ म्हणजे काय, तेही सांगितलं. नदी, पूर, रिकामी भिंत, चिखल. घाटाबद्दल तो कसा बोलला ते सांगायला गेलो, पण ते मला त्याच्यासारखं जमलं नाही. शेवटी बोटीपाशी काय केलं तेही सांगितलं. त्याला मी सोडून आलो, असंच म्हणालो.

आक्का उठून आत गेली. लाटणं वाजू लागलं. मी बाहेर बसून ऐकत राहिलो. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

बऱ्याच वेळानं लाटणं थांबलं. आक्का दारात आली. आमची आक्का जन्मात खंडव्याच्या पलीकडे गेलेली नाही, तीही एका लग्नाला, आणि गाडीत सगळा वेळ डोळे मिटून.

"नाना," ती म्हणाली, "मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये. बरोबर ना?"

"हाव."

"आणि माय-लेकानं?"

मी बराच विचार केला. "तसं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही."

"मग उद्या स्टेशनावर जाऊन," आक्का पदराला हात पुसत म्हणाली, "मले बोट कधी आहे ते विचारून ये."